बामणोली ते वासोटा: बोट ठरवताना

साताऱ्याहून कासमार्गे बामणोली साधारण 35 किलोमीटर. इथली बोटसेवा चांगली, पण वेळेचं गणित कडक. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून वासोटा गडाच्या पायथ्याला दीडेक तास, परतीला तेवढाच. 9 च्या आत बोट हलली नाही, तर गडावर नुसती पळापळ. भाडं माणशी नाही, अख्ख्या बोटीचं. चौघांना जड, दहाजणांना परवडतं. पायथ्याला बोट किती तास थांबणार ते आधीच बोलून घ्या, वाद हमखास तिथेच होतो.

लाइफ जॅकेट नुसतं अंगात अडकवू नका. क्लिप टक्कन बसते का, खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत सरकतं का, किनाऱ्यावरच बघा. सरकलं तर दुसरं मागा. मुलांना लहान मापाचंच. वनखात्याचा परवाना वेगळा. पावसाळ्यात गड बंद.