ऑपेराव्हिजन : तरुण टेनरची घडण पाहण्याची विनामूल्य सोय

ऑपेरा म्हणजे युरोपीय संगीत नाटक; युरोपातील ऑपेरागृहांचे प्रयोग दाखवणारी ऑपेराव्हिजन ही सेवा 2017 पासून सुरू आहे. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्यामुळे तिला वर्गणी नाही. संपूर्ण प्रयोग संकेतस्थळावर किंवा यूट्यूबवर पाहता येतो आणि तो साधारणपणे काही महिने उपलब्ध असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात नाट्यसंगीत शिकणाऱ्या आणि गाण्यावरच पोट भरण्याचा विचार करणाऱ्या मुलांनी ही सेवा नियमितपणे पाहावी, असे मला मनापासून वाटते.

नामवंतांच्या ध्वनिमुद्रणांतून घडून पूर्ण झालेला आवाज ऐकू येतो. येथे मात्र मध्यम आकाराच्या ऑपेरागृहांचेही प्रयोग असल्यामुळे तिशीच्या आतबाहेरचा, अजून घडत असलेला टेनर भेटतो. टेनर म्हणजे पुरुषांतील उंच पट्टीचा आवाज. पांढरी एक हा षड्ज धरला, तर त्याचा प्रसिद्ध वरचा ‘सी’ हा आपला अतितार षड्ज होतो, आणि तो त्याला ध्वनिवर्धकाशिवाय, पूर्ण वाद्यवृंदाच्या वर काढायचा असतो. म्हणूनच समंजस टेनर आधी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधला टामिनो, दोनिझेत्तीच्या ‘लेलिझिर दामोरे’मधला नेमोरिनो अशा हलक्या भूमिका घेतो आणि व्हेर्दीच्या ऑथेल्लोसारखी जड भूमिका आवाज पिकल्यावरच हाती घेतो. 1996 मध्ये इटलीतील पेझारोच्या रोसिनी महोत्सवात आयत्या वेळी मुख्य भूमिकेत उभा राहिलेला टेनर हुआन दिएगो फ्लोरेस तेव्हा 23 वर्षांचा होता; एवढ्या लवकर नाव होऊनही पुढे कितीतरी वर्षे तो प्रामुख्याने रोसिनी, दोनिझेत्ती आणि बेल्लिनी या संगीतकारांच्याच, आपल्या गळ्याला मानवणाऱ्या भूमिका गात राहिला. हा संयम आपल्याकडच्या पालकांनीही पाहण्याजोगा आहे, कारण स्पर्धेत बक्षीस मिळावे म्हणून कोवळ्या वयातील मुलांना न पेलणाऱ्या पट्टीत गायला लावणे आपल्या भागात सर्रास चालते.

प्रयोग पाहताना नायकाइतकेच लक्ष दूत, सेवक, पहारेकरी अशा चार ओळींच्या भूमिकांकडे द्यावे. जर्मनीतील अनेक ऑपेरागृहे तरुण गायकांना पगारावर ठेवतात, आणि एकाच हंगामात लहानमोठ्या अनेक भूमिका गाताना त्यांना रंगभूमीची सवय होते. ही पद्धत आपल्याला परकी वाटू नये. आपल्या बेळगाव जिल्ह्यातीलच गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, आणि त्यांच्या नावाच्या मंडळीत 1905 मध्ये दाखल झालेले बालगंधर्व तेथेच, प्रयोगांमागून प्रयोग करत घडले. तशा मंडळ्या आज आपल्याकडे उरलेल्या नाहीत, याची खंत हे प्रयोग पाहताना फार जाणवते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी, आणि ती कोणत्याही ध्वनिमुद्रणाची आहे. मुद्रणात लहान आणि मोठा आवाज जवळजवळ सारखेच ऐकू येतात. शिकलेल्या टेनरच्या आवाजात सुमारे 3000 हर्ट्झच्या आसपास जे तेज असते, त्याच्या बळावर तो वाद्यवृंदाला भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. तो खरोखर पोहोचला की नाही, हे पडद्यावरून ठरवता येत नाही. त्यामुळे एखाद्या तरुण गायकाच्या भवितव्याविषयी केवळ चित्रफितीवरून निकाल देऊ नये. श्वास कोठे घेतला, वरच्या स्वराकडे जाताना मान आणि जबडा ताठला का, तिसऱ्या अंकातही आवाज ताजा राहिला का, हे पाहावे; ते स्पष्ट दिसते.

मराठी उपशीर्षकांची सोय नाही, पण इंग्रजी वाचता येत असल्यास कथानक सहज कळते. युरोपात संध्याकाळी सातला सुरू होणारे थेट प्रक्षेपण हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकराला येते. त्यासाठी जागरण करण्याचे कारण नाही, कारण तोच प्रयोग नंतर सवडीने, हवा तेथे थांबवून पाहता येतो. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र तो ऐकू नये. चांगले हेडफोन घ्यावेत आणि आरंभ नेमोरिनोच्या भूमिकेपासून करावा.