जत्रेतला दशावतार : रंगपटापासून दहीकाल्यापर्यंत

त्रिपुरारी पौर्णिमा झाली की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि दशावतार, म्हणजे पौराणिक कथांवरचे रात्री रंगणारे लोकनाट्य, करणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या रस्त्याला लागतात, त्या पावसाळा तोंडावर येईपर्यंत थांबत नाहीत. कोणत्या रात्री कोणत्या गावात कोणाचे नाटक आहे, हे स्थानिक वर्तमानपत्रांतून आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांतून समजते. पुण्या-मुंबईहून खास दशावतारासाठी येणाऱ्यांना या यादीतले नेमके काय निवडावे हे उमगत नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच नोंदवतो : नाट्यगृहातल्या आटोपशीर प्रयोगाला जत्रेतल्या प्रयोगाची सर नाही, आणि जत्रेतही जो प्रेक्षक पालखी निघण्याच्या सुमारास येऊन बसतो त्याचा नाटकातला सर्वांत रसाळ भाग हुकलेला असतो. दशावताराला लिखित संहिता नसते. जे नाटक रात्री उभे राहणार, ते संध्याकाळी रंगपटात, म्हणजे नट रंग लावून तयार होतात त्या जागी, ठरते, आणि ते ठरताना पाहायला मिळाले तर रात्रीच्या प्रत्येक प्रवेशाची गोडी वाढते.

निवडीबद्दल प्रथम. मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर, पार्सेकर, खानोलकर, चेंदवणकर ही नावे सिंधुदुर्गात घराण्यांसारखी उच्चारली जातात, आणि अनेक गावांची जत्रा वर्षानुवर्षे एकाच कंपनीकडे चालत आलेली असते. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे नाव बाबी कलिंगण आणि त्यांचे चिरंजीव सुधीर कलिंगण यांच्यामुळे घरोघरी पोहोचले. 'लोकराजा' म्हणून ओळखले जाणारे सुधीर कलिंगण जानेवारी २०२२ मध्ये गेले, तरी राजपार्टाची, म्हणजे राजाच्या भूमिकेची, चर्चा निघाली की त्यांच्या नावाशिवाय ती पुढे सरकत नाही. मोठ्या जत्रांचा मोह मात्र टाळावा, असे मी सुचवीन. सोनुर्लीची लोटांगणाची जत्रा, महाशिवरात्रीचे कुणकेश्वर किंवा भराडी देवीची आंगणेवाडी येथे दर्शनासाठी अवश्य जावे. पण एवढ्या गर्दीत नाटक निवांत पाहता येत नाही. दोन-तीन वाड्यांचे गाव, मध्यम आकाराचे देऊळ आणि समोर मोकळे अंगण, एवढे असले की पुरे. जत्रेतल्या नाटकाला तिकीट नसते. कंपनीची बिदागी देवस्थान किंवा मानकरी देतात.

रंगपट म्हणजे आरशांना दिवे लावलेली खोली, अशी कोणाची कल्पना असेल तर ती दूर करावी. बहुतेक ठिकाणी देवळाची धर्मशाळा, शाळेची एखादी खोली किंवा रंगमंचामागे ताडपत्री बांधून केलेला आडोसा असतो. जमिनीवर चटया अंथरलेल्या असतात, भिंतीला टेकवून पत्र्याच्या ट्रंका ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक नटाची जागा त्याच्या ट्रंकेपुढे ठरलेली असते. मानाच्या जागी पेटारा असतो. त्यात गणपतीचा मुखवटा आणि पूजेचे साहित्य असते, आणि त्याच्यापुढे दिवा लावून नमस्कार केल्याशिवाय कोणी चेहऱ्याला रंग लावत नाही. गाड्या नव्हत्या त्या काळी हेच पेटारे डोक्यावर घेऊन नट मंडळी गावोगाव पायी जात. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' ही म्हण त्याच दिवसांतली. आज बोजा टेम्पोत असतो, पण दिवसा मिळेल त्या सावलीत झोप काढून रात्री पुन्हा मुकुट चढवण्याचा क्रम बदललेला नाही.

रंगभूषाकार वेगळा नसतो. प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो, तेही तळहाताएवढ्या आरशात पाहून. सर्वांत पाहण्यासारखे असते ते स्त्रीपार्टी नटाचे काम. दाढी दोनदा घोटून काढल्यावर तो रंगाचा पहिला हात देतो, तो वाळेपर्यंत शेजाऱ्याशी भातपिकाबद्दल बोलत राहतो, मग भुवया कोरतो, गंगावन बसवतो, आणि नऊवारीचा काष्टा मारताना दुसऱ्याला एक टोक धरायला सांगतो. तोपर्यंत तो मघाचाच शेतकरी असतो. बांगड्या हातात चढल्या की त्याचे बसणे बदलते; पुढे कोणी चहा दिला तरी तो पदर सावरूनच घेतो. यातले काही प्रेक्षकांसाठी केलेले नसते, आणि म्हणूनच ते पाहावे.

याच वेळी कंपनीचा मालक किंवा ज्येष्ठ राजपार्टी आख्यान, म्हणजे त्या रात्रीचे पौराणिक कथानक, सांगतो. गावाने एखादे कथानक मागितलेले असले तर ते, नसले तर गेल्या वर्षी येथे काय झाले याची आठवण काढून दुसरे. कोण कोण काय करणार, कोणाचा प्रवेश कोणानंतर, शाप कोठे आणि उःशाप कोठे, एवढे बोलून होते. संवाद कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. नवख्या पोराने 'मी नेमके काय बोलू' असे विचारले तर 'समोरचा काय बोलतो ते ऐक' एवढेच उत्तर मिळते. पेटीवाला पदांच्या सुरांची चाचपणी करतो, पखवाजी शाई तपासतो. सारे प्रकरण चहाच्या एका फेरीत आटोपते, आणि त्यावर पुढचे तीन-चार तास उभे राहतात.

रंगपटात येण्यास सहसा कोणी मज्जाव करत नाही, पण परवानगी मालकांकडे मागावी, चपला बाहेर काढाव्यात आणि अर्धा रंग चढलेल्या माणसासमोर मोबाइल धरू नये. याबाबतीत शहरी पाहुण्यांचे वर्तन, स्पष्टच सांगायचे तर, लाजिरवाणे असते.

ओटी भरणे, तरंगकाठ्या (देवतांची प्रतीके असलेल्या सजवलेल्या काठ्या) आणि पालखीची प्रदक्षिणा आटोपली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभे राहते. मागे एक पडदा, पुढे एक बाक आणि बाजूला पेटी, पखवाज व झांज. नेपथ्य म्हणावे तर तो बाक. तोच सिंहासन, तोच पर्वत, तोच अंतःपुरातला पलंग. आरंभी आडदशावतार, म्हणजे नाटकाचा पूर्वरंग, होतो : गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि वेद चोरणारा, काळ्या वेशातला संकासुर. हा संकासुर मालवणीत बोलतो आणि भटजीपासून सरपंचापर्यंत कोणालाही सोडत नाही; त्याला हातात काठी घेऊन प्रेक्षकांत शिरताना पाहून पुढच्या रांगेतली मुले आईच्या मागे दडतात. विष्णूच्या हातून त्याचा वध झाला की मुख्य आख्यान सुरू होते आणि भाषा एकदम पालटते. दिवसा मालवणीशिवाय दुसरे न बोलणारा माणूस राजपार्टात उभा राहून तत्सम शब्दांची लांबलचक, पल्लेदार वाक्ये न अडखळता बोलतो, आणि समोरचा राक्षसपार्टी त्याच तोलामोलाने ती परतवतो. दोघेही कसलेले असतील तर ही जुगलबंदी युद्धनृत्याहूनही सरस ठरते. संध्याकाळी रंगपटात बसलेल्याला आणखी एक गोष्ट कळते : ठरलेले कोठे मोडले, कोणी कोणाला अनपेक्षित प्रश्न टाकून कोंडीत पकडले आणि पेटीवाल्याने पद उचलून त्याला कसे सोडवले.

आता उणिवा. ध्वनिव्यवस्था हा सर्वांत मोठा दोष आहे. लोंबते मायक्रोफोन आणि कर्णे यांच्या गोंगाटात पखवाज इतका पुढे येतो की पदातले शब्द हरवतात. झांजेचा आवाज तर कानात घुसतो. एका जत्रेत आख्यान ऐन रंगात आले असताना देणगीदारांची नावे वाचण्यासाठी नाटक थांबवले गेले, आणि पतीच्या शवाजवळ विलाप करणारी नायिका यादी संपेपर्यंत तशीच बसून राहिली. ट्रिकसीन हा प्रकार लोकप्रिय आहे. धूर, रंगीत झोत, अधांतरी चालणारे चक्र यांनी मुले खूश होतात, पण ज्या कलेत एका बाकाचा पर्वत होतो तिला थर्मोकोलच्या पर्वताची गरज का भासावी, हे मला समजत नाही. काही ठिकाणी आडदशावतार घाईने उरकला जातो किंवा गाळलाच जातो, तेही खटकते. आसनव्यवस्था म्हणजे खाली बसणे. चटई आणि शाल बरोबर आणावी, कारण पौष-माघातल्या पहाटे दव चांगलेच पडते. स्वच्छतागृहांची स्थिती बेताची असते. खाण्याची मात्र चिंता नाही. गरम भजी आणि चहा उशिरापर्यंत मिळतो, आणि मालवणी खाजे परतताना घरी न्यावेच.

उजाडण्याच्या वेळी हंडी फोडून दहीकाला होतो. तेथवर थांबावे. एरवी आख्यान संपताच उठणाऱ्यांची रांग लागते आणि देवळातले मोजकेच लोक काल्याला उरतात.

रात्रभर जागणे ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी दोन पर्याय आहेत. एक, महोत्सवांतून होणारा संयुक्त दशावतार, ज्यात वेगवेगळ्या कंपन्यांतले नामवंत नट एकत्र येतात; अभिनयाचा दर्जा येथे उंच असतो, पण प्रत्येकाला टाळी घ्यायची असल्यामुळे कथानक मागे पडते. दुसरा, मुंबईतल्या नाट्यगृहांत चाकरमान्यांसाठी होणारे प्रयोग. तेथे आसने चांगली, आवाज स्वच्छ, तिकीट परवडणारे आणि घरी जायला लोकल मिळते. पहिल्यांदा पाहणाऱ्याने तेथून सुरुवात करण्यास हरकत नाही. जत्रेला येणार असाल तर कुडाळ किंवा सावंतवाडी स्थानकावर उतरून संध्याकाळपूर्वी गाव गाठावे. रात्री परतीची एसटी नसते, त्यामुळे रिक्षा ठरवताना सकाळची वेळ बोलून ठेवावी.