पद्मिनीचा पत्रा एकाकडे, रंग दुसऱ्याकडे

जुनी प्रीमियर पद्मिनी हाताशी आली की जो तो आधी इंजिनाची चौकशी करतो. ती चिंता सोडा. १०८९ सीसीचं ते इंजिन जुना टॅक्सी मेकॅनिक डोळे मिटून खोलतो आणि जोडतो. पैसा आणि महिने खातो तो पत्रा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीला खाली वेगळी चासी, म्हणजे सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. त्यामुळे दाराखालची सिल कुजली की प्रश्न दिसण्यापुरता उरत नाही, गाडी मधूनच बसायला लागते. हे ज्याला कळतं त्याच्याकडेच गाडी द्यायची. अडचण एवढीच, की ज्याला पत्रा कळतो त्याच्याकडे रंगाची सोय नसते आणि ज्याच्याकडे रंगाची सोय असते त्याला पत्रा कळत नाही.

मुंबई-पुण्यात या कामासाठी तीन प्रकारची दुकानं आहेत.

पहिलं गल्लीतलं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या, त्यामुळे या गाडीचा प्रत्येक कोपरा हाताखालून गेलेले टिंकर, म्हणजे पत्रा ठोकून घडवणारे कारागीर, अजून कामावर आहेत. मडगार्डची गोलाई हातोडी आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) परत आणणं, दाराची खालची घडी उलगडून नवी पट्टी बसवणं, ही कामं ते मापाचं पान न बघता करतात. पत्र्याला पाचपैकी साडेचार. रंगाला मात्र दोनच. रंग उघड्यावर किंवा ताडपत्रीच्या आडोशाला मारला जातो, कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर नसतो आणि शेजारच्या गाडीला कोणीतरी टायर पॉलिश लावत असतं. त्यातलं सिलिकॉन हवेतून येऊन पत्र्यावर बसलं, की ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि ते कितीही कोट मारले तरी बुजत नाहीत.

दुसरं, नव्या गाड्यांचं मोठं बॉडीशॉप. रंग मारायचा बंदिस्त बूथ, खालून हवा खेचणारे पंखे, पत्रा ६० अंशांपर्यंत तापवून अर्ध्या तासात रंग पक्का करणारी भट्टी, रंग मोजायचं यंत्र, सगळं आहे. रंगाला साडेचार. पत्र्याला दीड, आणि तोही सौजन्य म्हणून. इथली माणसं पॅनल बदलण्यात तयार असतात, घडवण्यात नाही. पद्मिनीचं मडगार्ड गोदामातून मागवता येत नाही म्हटल्यावर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा उघडला जातो. शिवाय अशा दुकानाचं पोट विम्याच्या कामांवर चालतं. पाच दिवसांत निघणाऱ्या गाड्या पुढे सरकत राहतात आणि तुमची गाडी कोपऱ्यात धूळ खाते.

तिसरे रिस्टोरेशनवाले, सगळं एका छपराखाली करणारे. चांगला मिळाला तर प्रश्नच नाही. पण यांतले बरेच जण प्रत्यक्षात ठेकेदार असतात: पत्रा एका गल्लीत, रंग दुसऱ्या बूथमध्ये, क्रोम तिसरीकडे, आणि वर यांचा हिस्सा. त्यात गैर काही नाही, पण तसं असेल तर तोंडावर सांगायला हवं. ओळखायची खूण सोपी. आत्ता कोरा पत्रा दिसत असलेली गाडी दाखवा म्हणायचं. चकाकणारी तयार गाडी सगळ्यांकडे असते. अर्धी कापलेली गाडी दाखवायला जो कचरतो, त्याच्याकडे ती नसते, किंवा असूनही दाखवण्याजोगी नसते.

पद्मिनीसारख्या गाडीसाठी आमची पसंती वाटणीला आहे: पत्रा जुन्या टिंकरकडे आणि रंग बूथवाल्याकडे. खर्च पूर्ण रिस्टोरेशनपेक्षा बराच कमी येतो आणि दोन्ही कामं त्यातल्या जाणकाराच्या हातून होतात. पण ही वाटणी जिथे जुळते तो सांधाच नेहमी फुटतो. सहा महिन्यांनी रंग फुगला, की पेंटर म्हणतो पत्र्यात गंज राहिला होता आणि टिंकर म्हणतो प्रायमर निकृष्ट होता.

यावर उपाय आहे. इपॉक्सी प्रायमर बूथवाल्याचा आणि हातही त्याचाच, जागा मात्र टिंकरची. पत्र्याचं काम संपलं की पेंटरने तिथे येऊन उघडा पत्रा स्वतः तपासायचा, ८० नंबरच्या घासकागदाने घासून, ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसून त्याच दिवशी इपॉक्सीचे दोन कोट मारायचे आणि मग गाडी ट्रकवर चढवायची. उघडा पत्रा कोकणपट्टीच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतो. तो तांबूस थर तसाच ठेवून वर काहीही मारलं तरी त्याखालचा गंज वाढत राहतो. या क्षणानंतर लांबीपासून पॉलिशपर्यंत सगळी जबाबदारी पेंटरची, आणि ती कागदावर लिहिलेली. याला जो पेंटर नकार देईल त्याच्याकडे गाडी न्यायची नाही, मग बूथ कितीही देखणा असो.

टिंकर निवडताना वेल्डिंगकडे बघा. गॅसने सलग वेल्ड मारणारा मोठ्या पॅनलला लाटा आणतो, आणि त्या लाटा लपवायला पुन्हा लांबीच लागते. पितळ ओतून सांधे भरणाऱ्याकडे तर देऊच नये. त्यातला फ्लक्स (पितळ पत्र्याला धरावं म्हणून लावायचं रसायन) नीट धुतला नाही तर सांध्यात राहतो, ओल धरतो आणि रंग आतून उचलतो. सीओटू वायूवर चालणारं वेल्डिंग मशीन, ०.८ मिलिमीटरची तार आणि टाके मारल्यासारखं थांबत थांबत केलेलं काम हवं: इथे एक ठिपका, मग वीतभर लांब दुसरा, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. नवा पत्रा ०.९ मिलिमीटरचा, म्हणजे २० गेजचा घ्या. २२ गेज स्वस्त आणि वळवायला सोपा, म्हणून दुकानात तोच पुढे केला जातो.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: सिल कापण्याआधी काय करता? बरोबर उत्तर असं, की दारं बसवून फटी मोजतो, दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी पाइप टाके मारून बसवतो, कर्णाची दोन्ही मापं लिहून ठेवतो आणि एका वेळी एकच बाजू कापतो. "कापून टाकू, मग बघू" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. अशा गाडीची दारं नंतर जन्मभर आपटून लावावी लागतात.

जुना रंग काढायचा प्रश्न इथेच येतो. वाळूचा मारा झटपट होतो, पण बोनेट, टप आणि दारांच्या सपाट पत्र्याला तो पोक काढतो आणि ते पोक सहसा परत बसत नाही. वाळू चाकाच्या कमानींना आणि खालच्या जाड भागांना ठीक. वरच्या पॅनलना रंग काढायचं रसायन किंवा घासायचं मशीन. रसायन वापरलं तर घड्यांमध्ये अडकलेला अंश धुऊन काढायला अर्धा दिवस द्यावा लागतो. तो राहिला तर नव्या रंगाला कडेने सुरकुत्या येतात.

आता लांबी. लांबी वाईट नाही. जाड लांबी वाईट. दोन, फार तर तीन मिलिमीटर. दुकानातल्या तयार गाडीवर पातळ फडक्यात गुंडाळलेला चुंबक फिरवा. सिलच्या वर, चाकाच्या कमानीवर आणि दाराच्या खालच्या चार बोटांत तो घसरला तर काय ते कळतं. जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, नीट केलेलं नवं काम २०० ते ३००. आकडा हजारावर गेला की खाली मिलिमीटरभर लांबी आहे.

लांबी कालवणाऱ्या पोराकडे दोन मिनिटं उभे राहून बघा, बाकी चौकशी नाही केली तरी चालेल. प्रमाण १०० ग्रॅमला सुमारे २ ग्रॅम हार्डनर, म्हणजे लांबी घट्ट करणारं रसायन. एप्रिलच्या उकाड्यात हे मिश्रण चार-पाच मिनिटांत आवळतं, म्हणून पोरं हार्डनर चिमूटभर घालतात. मग लांबी आत मऊच राहते आणि महिन्याभरात रंगावर घासल्याच्या रेषा उमटतात. घाईत जास्त पडला तर त्यातलं उरलेलं पेरॉक्साइड वर झिरपतं आणि पांढऱ्या गाडीवर पिवळट डाग दिसायला लागतात. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे लांबीवर पाणी मारून वॉटर पेपर घासणं. धूळ उडत नाही, हात लवकर चालतो, म्हणून सर्रास करतात. लांबीत टाल्कची भुकटी असते, ती पाणी पिते. वर प्रायमर आणि रंग चढला की ते पाणी आत कोंडतं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर उन्हात तांदळाएवढे फोड येतात. लांबी कोरडीच घासायची: ८०, १८०, मग ३२०. पाणी फक्त प्रायमर सरफेसर (रंगाआधी बारीक ओरखडे भरणारा थर) पूर्ण वाळल्यावर, ६०० ते ८०० नंबरला. सरफेसरचे तीन कोट, त्यावर काळ्या रंगाची विरळ फवारणी, आणि लांब लाकडी ठोकळ्याला कागद लावून घासणं. काळं राहिलं तिथे खड्डा, चटकन गेलं तिथे उंचवटा. बोटांनी कागद धरून घासणाऱ्याचा पत्रा उन्हात तिरका पाहिला की पाण्यासारखा हलतो.

रंग चढवण्याआधी दारं, बोनेट, डिकी, दिवे आणि पट्ट्या एकदा कोरड्या बसवून बघायला सांगा. भोकं तेव्हाच पाडायची. रंगानंतर ड्रिल मारलं की तिथूनच गंजाचा श्रीगणेशा.

रंगाच्या बाबतीत मतभेद होतील, पण आमचं मत ठाम आहे. त्या काळच्या साध्या रंगांच्या गाडीवर बेसकोट-क्लिअर, म्हणजे आधी रंग आणि वर वेगळा पारदर्शक थर, मारू नये. काचेसारखा जाड चकचकीतपणा येतो आणि पद्मिनी खेळण्यातली दिसते. हवा तो हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग, एकाच थरात रंग आणि चमक देणारा, तीन कोट. जुना डुको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आग्रहाने मागणारे आहेत. तो दिसतो सुरेख, पण आकसत राहतो, पेट्रोल सांडलं तर विरघळतो आणि दमट दिवशी मारला तर पांढरट पडतो. उरलेल्या जुन्या डुकोवर थेट पीयू मारू देऊ नका; थिनरने खालचा थर फुगून चुरगळतो. एक तर पूर्ण काढायचा, नाही तर मध्ये इपॉक्सीचा थर हवा.

मूळ छटा शोधायची तर बाहेरच्या पत्र्यावर नको, उन्हाने ती कधीच गेली. मागच्या सीटखाली, दाराच्या पुठ्ठ्यामागे, डिकीच्या बिजागरीजवळ बघा. तो तुकडा आधी पॉलिश करा, मग रंग मोजायचं यंत्र लावा. यंत्राने दिलेला रंग छोट्या पत्र्यावर मारून सकाळच्या उन्हात आणि सावलीत, दोन्हीकडे ताडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. बाहेरून, दारांच्या कडा आणि डिकी धरून थिनर-हार्डनरसकट चार लिटर तयार रंग पुरतो. दुकानदार आठ लिटरचं बिल लावत असेल तर हिशेब मागा.

काचांची रबरं काढून रंग मारणार की टेप लावून, हे अंदाजपत्रकात लिहून घ्या. टेपच्या कडेला रंगाची पायरी राहते आणि वर्षभरात तिथूनच पापुद्रा सुटतो. क्रोमचं काम बॉडीशॉपच्या बिलात घालू नका. तांबं, निकेल, क्रोम असे तिन्ही थर देणाऱ्या प्लेटिंगवाल्याकडे स्वतः द्या. बंपर आणि पट्ट्या आधीच काढून, मोजून, फोटो घेऊन घरी ठेवा. या गाडीचं गेलेलं सामान चोर बाजारात दुप्पट भावाने परत घ्यावं लागतं.

पीयूच्या हार्डनरमधली आयसोसायनेट ही रसायनं फुप्फुसाला कायमचा त्रास देऊ शकतात. पेंटर हवेची नळी जोडलेला मास्क लावतो की तोंडाला रुमाल बांधतो, ते बघा. जो मालक आपल्या माणसाला रुमालावर उभा करतो, तो तुमच्या गाडीवरही काटकसर करणारच.

काळाचं म्हणाल तर ऑक्टोबरमध्ये पत्रा सुरू करा, म्हणजे रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. जूननंतर रंग मारायचा तर फक्त हवा वाळवणाऱ्या यंत्रासह बंदिस्त बूथमध्ये. पैसे टप्प्याने: सुरुवातीला वीस टक्के, मग कोरा पत्रा, इपॉक्सी, सरफेसर आणि रंग या प्रत्येक टप्प्याला फोटो आणि सामानाच्या बिलासह. मजुरीच खरी रक्कम असते, म्हणून ठोक भावात फार स्वस्त मिळालं तर तास कुठून तरी कापले जाणारच, आणि ते घासण्यातून कापले जातात.

कागदपत्रांचं थोडं. रंग बदलणार असाल तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार व्हीए या नंबर-मालिकेत, वीस हजार रुपये भरून, विंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर बॉडी शेलमध्ये बदल चालत नाही. "मागचा भाग थोडा रुंद करून देतो" म्हणणाऱ्या कलाकाराला तिथल्या तिथे थांबवा.

गाडी ताब्यात घेताना उरलेल्या रंगाचा अर्धा लिटर हार्डनर न घालता मागून घ्या, काठोकाठ भरलेल्या छोट्या डब्यात. झाकणावर नाही, डब्याच्या अंगावर फॉर्म्युला आणि तारीख लिहा. झाकणं गॅरेजमध्ये हमखास बदलतात.