मराठीचा आठवडा: वारानुसार की पाठानुसार?

नववी-दहावीची मराठी पहिल्यांदा शिकवायला हाती आली की जूनमध्ये एक प्रश्न येतोच: आठवड्याचे सहा तास वापरायचे कसे? कोणत्या वारी कितवा तास मिळेल हे आपल्या हातात नसतं. त्या तासात काय घ्यायचं हे मात्र बऱ्याच अंशी असतं. आजूबाजूच्या शाळांत मला दोन पद्धती दिसतात. एकीत वार ठरलेले असतात: दोन दिवस गद्य, एक दिवस कविता, एक दिवस व्याकरण, एक दिवस लेखन, उरलेला तास वह्या आणि उजळणीला. दुसरीत आठवडा एका पाठाचा किंवा एका कवितेचा असतो आणि व्याकरण-लेखन त्याच्या पोटातूनच येतं.

मी दोन्ही पद्धतींनी शिकवलं आहे. दोन्हींतून गेलेल्या मुलांना बोर्डात चांगले गुण मिळालेले पाहिले आहेत, त्यामुळे एक बरोबर आणि दुसरी चूक असं म्हणणार नाही.

वारानुसार पद्धतीची बाजू भक्कम आहे आणि तिचा आधार कृतिपत्रिकेतच, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतच आहे. प्रथम भाषेच्या ८० गुणांत गद्याला १८, पद्याला १६ आणि स्थूलवाचनाला, म्हणजे पूरक वाचनाच्या पाठांना, ६. म्हणजे पुस्तकातले पाठ आणि कविता, त्यातच अपठित उतारा धरून, ४०. उरलेले ४० भाषाभ्यास म्हणजे व्याकरण वगैरे (१६) आणि उपयोजित लेखन (२४) यांचे. निम्मे गुण पाठांबाहेर असतील तर त्यांना हक्काचा वार हवा, हे म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. शिवाय व्याकरणाचा गुरुवार असला की तो राहून जात नाही. मुलं नेमकी तीच वही आणतात. गैरहजर मुलाला काय बुडालं ते लगेच सांगता येतं. बदली तासावर येणाऱ्या शिक्षकालाही आज काय करायचं हे विचारावं लागत नाही. पर्यवेक्षकांना टाचण, म्हणजे तासांची लेखी आखणी, दाखवताना तर हीच पद्धत सोयीची.

पाठानुसार आठवड्यात या गोष्टी आपोआप होत नाहीत. एखादा ललित पाठ रंगतो आणि सहाऐवजी नऊ तास खातो. समासाला पुढच्या आठवड्याचा वायदा मिळतो, लेखन पुढे पुढे जातं. सहामाहीच्या तोंडावर सारांशलेखन आणि बातमीलेखन एकदमच उरकावं लागतं. ही पद्धत घ्यायची तर हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो आणि तो दर आठवड्याला ठेवावा लागतो.

एवढं असूनही मी पाठानुसार पद्धतीकडे वळलो, ते कवितेच्या वारामुळे.

समजा कविता बुधवारी. तास ३५ मिनिटांचा, त्यातली हजेरी आणि पुस्तकं काढणं वजा करा. प्रकट वाचन होतं, अवघड शब्द होतात, पहिली दोन कडवी होतात आणि घंटा होते. पुढचं कडवं पुढच्या बुधवारी. आता श्रावण-भाद्रपदाचे दिवस आठवा. स्वातंत्र्यदिन, दहीहंडी, गणपती, मध्येच अतिवृष्टीची सुट्टी, नाहीतर घटक चाचणी. यातलं काही बुधवारी आलं की दोन कडव्यांमध्ये १४ दिवसांची खिंड पडते. गद्याला ती सोसते, कारण गोष्ट दोन वाक्यांत पुन्हा सांगता येते. कवितेला नाही सोसत. मुलांना अर्थ थोडाफार आठवतो, पण पहिल्या वाचनात वर्गात जी शांतता तयार झाली होती ती पुन्हा आणता येत नाही. मग पहिली १० मिनिटं मागचं जुळवण्यात जातात आणि उरलेल्या वेळात आपण कविता शिकवण्याऐवजी तिचा अर्थ सांगू लागतो.

सगळ्याच कवितांचं असं होतं असं नाही. दहावीच्या कुमारभारती या पाठ्यपुस्तकातलं समर्थांचं ‘उत्तमलक्षण’ तुकड्यांत शिकवलं तरी फारसं बिघडत नाही, कारण तिथली बहुतेक ओवी आपल्या पायावर उभी आहे. पण त्याच पुस्तकातली इंदिरा संतांची ‘औक्षण’ घ्या. सुरुवातीला नुसती असहायता ऐकू येते. ती कोणासमोरची, कशामुळे आलेली, हे पुढे सैनिकाचं चित्र येतं तेव्हा उमगतं आणि शीर्षकाचा खरा अर्थ शेवटाशी पोचल्यावरच लागतो. अशी कविता मधेच थांबवली तर मुलांच्या हाती काहीच लागत नाही. ती सोमवारी अथपासून इतिपर्यंत नुसती वाचावी, मंगळवारी शब्द आणि संदर्भ घ्यावेत, बुधवारी कल्पना आणि अलंकार, गुरुवारी मुलांनी रसग्रहण लिहावं, शुक्रवारी त्यातली चार-पाच मोठ्याने वाचावीत. तोवर निम्म्या वर्गाला ती न सांगता पाठ झालेली असते.

रसग्रहणात तर हा फरक डोळ्यांना दिसतो. तुकड्यांत शिकलेल्या कवितेवर बहुतेक वह्यांत गाइडमधली तीच वाक्यं येतात. सलग आठवडा दिलेल्या कवितेवर मुलं स्वतःची ओळ लिहितात. अडखळत, कधी अशुद्ध, पण स्वतःची. हा माझ्या वर्गांचा अनुभव आहे, सगळीकडे असंच घडेल असा दावा नाही. पण तो मला पुन्हा पुन्हा आला आहे आणि रसग्रहणाच्या त्या ४ गुणांपेक्षा त्याचं मोल मला जास्त वाटतं.

व्याकरण राहून जाईल ही भीती मात्र थोडी जास्तच बाळगली जाते. अलंकार कवितेतूनच शिकवलेला चांगला राहतो. वाक्प्रचार पाठात वापरलेला दिसला की वेगळं वाक्य देऊन घोकून घ्यावा लागत नाही. पत्र, बातमी, कथालेखन यांना बहुतेक पाठांत काही ना काही धागा सापडतो. समास आणि शब्दसिद्धीचं तसं नाही. त्यांना सुटे तास द्यावेच लागतात आणि ते जूनमध्येच वार्षिक नियोजनात राखून ठेवले तरच मिळतात.

तुमच्याकडे तीन-चार तुकड्या असतील, किंवा एकाच इयत्तेच्या तुकड्या दोघांत वाटलेल्या असून घटक चाचणी एकच असेल, तर वारानुसार पद्धत निभावायला सोपी आहे. ती घेतलीत तरी कवितेला एकेक वार न देता लागोपाठचे दोन दिवस मागून घ्या.

एक-दोनच तुकड्या असतील आणि मुख्याध्यापक थोडी मोकळीक देत असतील, तर मी पाठानुसारच सुचवेन. शाळा सुरू व्हायच्या आधी अनुक्रमणिका समोर घेऊन बसा. कोणत्या पाठाला कोणता लेखनप्रकार जोडायचा ते पेन्सिलने लिहून ठेवा. गणपतीच्या आठवड्यात कविता टाकू नका, तिथे गद्य ठेवा. शनिवारची शाळा सकाळची आणि तास आखूड, म्हणून तो तास स्थूलवाचनाला द्या. नाहीतर ते ६ गुण दोन्ही पद्धतींत फेब्रुवारीपर्यंत तसेच पडून राहतात.