दामिनी ॲप: वावरासाठी मस्त, घरातलं मात्र आपणच पाहा
पुण्याच्या आयआयटीएमनं (हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) बनवलेलं ॲप हाय, फुकट हाय, अन् आमच्या वऱ्हाडात एप्रिल-मेच्या अवकाळीत तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पाहिजेच. लोकेशन चालू ठेवलं का आपल्या भोवती 20 अन् 40 किलोमीटरच्या गोलात कुठं विजा पडू राहिल्या ते नकाशावर दिसते, म्हंजे बैलं सोडून वावरातून घरी याले टाइम भेटते.

पण भाऊ, हे विजेचं सांगते, वाऱ्याचं नाही, अन् टिनं उडवते तो वाराच. अमेरिकेत टॉर्नेडो आला का लोकं तळघरात जातात, आपल्याकडं कुठचं तळघर, म्हणून स्लॅबची खोली असन तर तिथं बसा, नाहीतर मधातली बिनखिडकीची. सपरीत खाट टाकून गारा पाहत बसणारे आमच्या गावात लय हायेत, त्याहीले कोणतंच ॲप पुरत नाही. टिनावर दगडं ठेवतात ना, वारा सुटला का तेच खाली येतात, त्यापेक्षा हूक-बोल्टनं आवळून घ्या. वीज कडाडताना नळाले अन् चार्जिंगले लावलेल्या मोबाइलले हात नाही लावाचा.

टावर गेला का अलर्ट येत नाही, मंग गडगडलं का सरळ आत. 5 पैकी 4 स्टार.