केलॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर सात महिने: कानाच्या प्रेशर क्लिपचा अनुभव

केलॉइड, म्हणजे व्रणावर वाढत जाणारी गाठ, परत येऊ नये म्हणून पाळीला दाब देणारी क्लिप मी लावते. गेल्या आठवड्यात सकाळी ती कानावर नव्हती, उशीखाली सापडली, आणि पाहते तो तिच्या फिरकीचे आटे पार झिजलेले. विक्रेत्याने ही "वापरामुळे झालेली झीज" असल्याचे सांगून हात वर केले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

डाव्या पाळीला दुसरे भोक पाडल्यावर वर्षभरात मागच्या बाजूला सुपारीएवढी टणक, सतत खाजणारी गाठ आली. साधा व्रण जखमेच्या हद्दीत राहतो. ही गाठ मात्र शेजारच्या चांगल्या त्वचेवरही पसरत गेली, आणि हेच केलॉइडचे लक्षण आहे. नुसते कापून काढलेले केलॉइड परत येण्याचे प्रमाण ४५ ते १०० टक्के सांगितले जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर दर चार आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि जखम पूर्ण भरल्यावर दिवसाचे किमान १२ तास क्लिप, असे डॉक्टरांनी ठरवून दिले.

शस्त्रक्रिया जागा बधिर करून झाली आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. इंजेक्शन दुखते, पण क्षणभर. तक्रार आहे ती फिरकीची. पाळीच्या पुढे-मागे सिलिकॉनचे अस्तर लावलेल्या दोन चकत्या आणि मागची चकती पुढे सरकवणारी फिरकी, एवढीच ही वस्तू. व्रणातील रक्तपुरवठा कमी राहावा म्हणून द्यायचा सगळा दाब त्या फिरकीवर अवलंबून असतो, आणि अकराशे रुपये घेऊन नेमकी तीच प्लास्टिकची दिलेली आहे! दाब जास्त झाला की पाळी पांढरी पडून ठणकते, कमी झाला की क्लिप नुसती लोंबते. म्हणजे पाव वेढ्याचा हिशेब, आणि तो सांभाळणारे आटे असे कच्चे.

पहिले दोन महिने मला हा खर्च वाया गेल्यासारखाच वाटत होता. मग घरच्या लग्नात कुडी घालायची म्हणून मी तीन आठवडे क्लिप लावली नाही, आणि व्रणाची खालची कड हाताला टणक लागून खाज सुरू झाली. पुन्हा नियमाने लावल्यावर महिनाभरात ती कड मऊ पडली. त्याच सुमारास एक इंजेक्शनही झाले होते, त्यामुळे सगळे श्रेय क्लिपला देता येणार नाही. तरी तेव्हापासून तिच्याबद्दलचे माझे मत बदलले.

नवी क्लिप घेणे जिवावर आले, म्हणून तुटकी घेऊन आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. त्यांनी कुड्यांच्या मळसुत्राप्रमाणे बारीक आट्यांची पितळी फिरकी ८० रुपयांत बसवून दिली, आणि वेढा मोजता यावा म्हणून डोक्यावर एक खाचही पाडली. डॉक्टरांनी ती तपासून वर्ष पूर्ण होईपर्यंत वापरायला हरकत नाही असे सांगितले आहे. रात्री क्लिप लावताना आता मी खाच वर आणून पाव वेढा मागे घेते. सकाळी पाळीवर फिकट गुलाबी वळ असतो आणि तो चहा होईपर्यंत जातो.