रद्द केल्यावरही कापलेले तीन हप्ते: दहा महिन्यांचा अनुभव

तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे पत्रिकांची घाई सुरू होते. बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि घरूनच लग्नामुंजीच्या पत्रिका करते. मराठी घरांच्या करते, तशा गुजराती कंकोत्र्याही. गेल्या नोव्हेंबरात फोटोंच्या कामासाठी एका परदेशी ऑनलाइन सेवेचं सदस्यत्व घेतलं. अशा सेवा पुष्कळ आहेत आणि पैसे परत मिळवायची वाट सगळ्यांची एकच, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी कामाबद्दल. फोटोतली पार्श्वभूमी काढण्यात ही सेवा खरोखर चांगली आहे. नवरीच्या मोकळ्या बटा, गजरा, नथीचे मोती, पैठणीच्या पदराची कड हे सगळं ती इतकं स्वच्छ कापते की माझा तासाभराचा वेळ वाचायचा. आजी-आजोबांचे डाग पडलेले जुने फोटोही बरे करून देते. अक्षरांच्या बाबतीत मात्र निराशा. तिच्या तयार नमुन्यांत देवनागरी जोडाक्षरं फुटतात, गुजराती मजकुराचंही तेच. त्यामुळे फोटो तिकडे आणि मजकूर माझ्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये, असं दुहेरी काम करावं लागलं. महिन्याला १९.९९ डॉलर. परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे डॉलरच्या व्यवहारावर बँक घेते ते जादा शुल्क, आणि त्यावरचा जीएसटी धरून माझ्या कार्डावर साधारण १,७६० रुपये पडायचे. हंगामात ते परवडलं आणि चार महिन्यांचे पैसे मी खुशीने दिले.

मार्चच्या मध्यापासून मीनारक कमुरतां लागतात, गुजराती घरांत महिनाभर लग्नं नसतात. म्हणून ३ मार्चला सदस्यत्व रद्द केलं. 'तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं' अशा अर्थाची त्यांची मेल आली. विषय संपला असं धरून चालले.

मेमध्ये हिशेब लिहायला स्टेटमेंट उघडलं तर १२ मार्च, १२ एप्रिल आणि १२ मे, तिन्ही तारखांना पैसे गेलेले. एसएमएस आले असणार, पण लग्नसराईत दिवसाला पन्नास मेसेज येतात, त्यात ते वाचले गेले नाहीत. ५,२८० रुपये म्हणजे माझ्या दोन पत्रिकांची मजुरी. फार संताप आला.

पहिला प्रश्न हाच पडला की आगाऊ सूचना का आली नाही? दरमहा आपोआप पैसे कापायचे असतील तर सुरुवातीला ओटीपीसारखी जादा पडताळणी आणि दर वेळी निदान २४ तास आधी कळवणं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचा आहे. माझा विम्याचा हप्ता तसाच जातो. बँकेच्या ॲपमधल्या मँडेटच्या, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांच्या, यादीत पाहिलं, तर तिथे विमा होता, ही सेवा नव्हती. तेव्हा आठवलं, नोव्हेंबरात कार्ड दिलं तेव्हा ओटीपी मागितलाच नव्हता. कार्ड विभागाच्या माणसाने सांगितलं की त्यांच्याकडे हे हप्ते मँडेट म्हणून नोंदलेच गेले नव्हते. दर महिन्याला परदेशातली एक नवी खरेदी, असेच ते आले होते. त्यामुळे थांबवायला ॲपमध्ये बटणही नव्हतं.

यानंतर मी जी चूक केली तिच्यासाठीच हा अनुभव लिहिते आहे. बँकेच्या तक्रार फॉर्ममध्ये कारण निवडायचं होतं. पहिलाच पर्याय होता 'अनधिकृत व्यवहार'. मी परवानगी काढून घेतली होती, मग हे अनधिकृतच नाही का? तोच निवडला. त्या क्षणी कार्ड बंद झालं. नवं कार्ड यायला आठवडा गेला, विम्याचं मँडेट पुन्हा बसवावं लागलं. आणि पाच आठवड्यांनी, २४ जूनला, उत्तर आलं: दावा नामंजूर.

रावपुऱ्यातल्या शाखेत गेले, तर क्रेडिट कार्डाचं सगळं फोनवर असं सांगून त्यांनी परत पाठवलं. फोनवरही तेच तेच. शेवटी दावा कशावरून नाकारला त्याचा पुरावा लेखी मागितला. बिलाबद्दल तक्रार आली तर कार्ड देणाऱ्या बँकेने जास्तीत जास्त ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागेल तिथे कागदपत्रं द्यायची, हे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. मेलमध्ये एवढा उल्लेख केल्यावर कागद दुसऱ्याच दिवशी आले. सेवेने बँकेला पाठवलेल्या उत्तरात माझा ईमेल, नोव्हेंबरातलं लॉगिन आणि विनातक्रार दिलेले चार हप्ते होते. त्यांचं म्हणणं एवढंच: ग्राहक खरी आहे, कार्ड तिनेच दिलं. आणि ते खरंच होतं!

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना कागद दाखवले.

"बाळ, कार्ड तूच दिलंस ना?"

"हो काका, पण मार्चमध्ये रद्द केलं होतं."

"मग तसंच लिही. अनधिकृत म्हणजे बँकेच्या भाषेत दुसऱ्या कुणीतरी कार्ड वापरलं. तुझी केस वेगळी आहे, रद्द केल्यावरही कापलेला हप्ता. कार्डाच्या नेटवर्ककडे, म्हणजे व्हिसासारख्या कंपनीकडे, त्याला कारणच वेगळं असतं आणि पुरावाही वेगळा लागतो. मुदत बघ आधी."

मुदत बघितली. माझं कार्ड व्हिसाचं. अशा दाव्याला साधारणपणे व्यवहारापासून १२० दिवस मिळतात. १२ मार्चच्या हप्त्याची मुदत १० जुलैला संपत होती. हातात दोन आठवडे उरले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुरावा म्हणून ती निरोपाची मेल होती, पण तिच्यात 'रद्द' हा शब्द स्पष्ट नव्हता. काकांनी एक युक्ती सुचवली. सेवेच्या चॅटवर भांडायचं नाही, पैशांचा विषय काढायचा नाही, फक्त विचारायचं: माझं खातं कोणत्या तारखेला बंद झालं? विचारलं. पलीकडून उत्तर आलं: ३ मार्च. त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट माझ्या सगळ्या रागापेक्षा जास्त कामाला आला. दुसरा दावा २६ जूनला दिला. कारण, 'सदस्यत्व रद्द केल्यानंतरही आकारणी'. सोबत मेल, चॅट आणि तीन व्यवहारांच्या तारखा, बाकी एक शब्द नाही.

या काळात बिल पूर्ण भरलं, आणि तुम्हीही भरा असंच सांगेन. फ्रॉड म्हणून तक्रार केलेल्या रकमेवर निकालापर्यंत शुल्क लावता येत नाही. पण माझा दुसरा दावा फ्रॉडचा नव्हता. शिल्लक ठेवली असती तर बाकीच्या खरेदीवरही व्याज चढलं असतं.

४ जुलैला ५,०७० रुपये तात्पुरते जमा झाले. अंतिम पत्र सप्टेंबरात आलं, निकाल माझ्या बाजूने. राहिले होते २१० रुपये, म्हणजे तीन हप्त्यांवरचा मार्कअप आणि जीएसटी. मूळ आकारणीच चुकीची ठरली, तर तिच्यावर बँकेने घेतलेले पैसे तरी बँकेकडे का राहावेत? बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक मेल केली आणि नऊ दिवसांत तेही जमा झाले. तिथे ३० दिवसांत उत्तर आलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची तयारी होती. त्याला फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

सेवेबद्दलचं माझं मत आता दोन तुकड्यांत आहे. फोटोच्या कामाला चांगले गुण देईन. पैशांच्या व्यवहारात विश्वास उरलेला नाही. ग्राहकाला रद्द करणं अवघड करून अडकवण्याला आपल्याकडे 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' असं नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या १३ फसव्या पद्धतींवर बंदी घातली, त्यांत तो येतो. मी तर रद्द करून दाखवलं होतं, तरी पैसे गेले.

नव्या कार्डावर परदेशी व्यवहारांचं बटण बंद आहे. गरज लागली की ॲपमधून चालू करते आणि काम होताच पुन्हा बंद. काहीही रद्द केलं की त्याच दिवशी पलीकडच्यांकडून तारीख लिहून घेते. यंदाच्या तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दोन पत्रिका आल्या आहेत. त्यातल्या एका नवरीचे केस मी सध्या हातानेच कापते आहे, दीड तास झाला.